मलबारची बाग आणि झाडांची ओळख सांगणारी माणसे



कुडा, बहावा, करंज, वेलदोडा. ही नावे घेतली की आपल्यापैकी प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे काही ना काही येते. कुणाला कुड्याची पांढरी फुले आठवतील, कुणाला चैत्र-वैशाखात पिवळ्याधमक झुंबरांनी लगडलेला बहावा, कुणाला करंजाचे कडू तेल, कुणाला सणाच्या पुरणातली वेलची. ही चारही झाडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात चित्रांसह छापलेली आहेत. ते पुस्तक छापले गेले हॉलंड देशात, अ‍ॅमस्टरडॅम शहरात. त्याचे नाव ‘होर्तुस मलबारिकुस’. हे लॅटिन भाषेतले नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘मलबारची बाग’. मलबार म्हणजे आजच्या केरळचा समुद्रकिनारा.

हे पुस्तक घडवून आणणाऱ्या डच माणसाची गोष्ट आज आपण ऐकणार आहोत. त्याच्याबरोबर आणखी काही माणसांची गोष्टही ऐकू. डच साहेबाला झाडे ओळखून देणारे, त्यांचे गुण सांगणारे ते लोक. झाडपाल्याची माहिती आपल्या गावांतही आहे, आपल्या गटांतल्या बायांपाशीही आहे. ती माहिती कागदावर येते तेव्हा तिच्याखाली नाव कुणाचे लागते, हा प्रश्न मनात ठेवून ही गोष्ट ऐकावी, अशी आमची विनंती आहे.

कंपनीचा शिपाई

त्या डच माणसाचे नाव हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड. जन्म 1636 सालचा. घराणे सरदारांचे, पण आईवडील लहानपणीच गेले. विसाव्या वर्षी, म्हणजे 1656 साली, तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला आणि जहाजाने पूर्वेकडे निघाला.

ईस्ट इंडिया कंपनी म्हटले की आपल्याला इंग्रजांची कंपनी आठवते. डचांचीही तशीच एक कंपनी होती, 1602 साली स्थापन झालेली. आपल्या वेंगुर्ल्यालाही तिची वखार होती आणि त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही तिथे आहेत. या कंपनीला हवे होते मसाले. मिरी, दालचिनी, लवंग, जायफळ. युरोपात त्यांना मोठा भाव मिळे. मिरीचे आगर होते मलबार, आणि तिथे आधीपासून पोर्तुगीज बसलेले होते.

डचांनी पोर्तुगीजांशी लढून 1663 च्या जानेवारीत कोची जिंकून घेतले. या लढायांत व्हॅन ऱ्हीड होता. त्याच लढायांमध्ये कोचीची राणी गंगाधरलक्ष्मी हिला डचांनी कैद केले. कोची हाती आल्यावर कंपनीने तिथल्या राजांशी करार केले. मिरी फक्त आम्हालाच विकायची, आणि तीही आम्ही ठरवू त्या भावाने. माल शेतकऱ्याचा आणि भाव दुसऱ्याचा, हे आपल्याला नवीन नाही.

हे सगळे आधीच सांगायला हवे. व्हॅन ऱ्हीड झाडांवर प्रेम करणारा माणूस होता, पण तो आला होता कंपनीचा शिपाई म्हणून, हातात बंदूक घेऊन. पुढे 1670 च्या सुमारास तो मलबारचा मुख्य अधिकारी झाला आणि सहा-सात वर्षे त्या पदावर राहिला. याच वर्षांत त्याने आपल्या पुस्तकाचे काम उभे केले.

पुस्तक कशासाठी?

लढाया करणाऱ्या माणसाला झाडांचे पुस्तक करावे असे का वाटले असेल? त्याला कारणे होती.

पहिले कारण औषधांचे. कंपनीची हजारो माणसे पूर्वेकडच्या उष्ण मुलखात राहत आणि सतत आजारी पडत. त्यांची औषधे येत युरोपातून. महिनोन्महिने जहाजात पडून आलेली, महाग आणि कितीदा तरी खराब झालेली. त्यातल्या बऱ्याच औषधांचा कच्चा माल मुळात पूर्वेकडूनच युरोपात गेलेला असे. आपल्या अंगणातली वस्तू परगावच्या दुकानातून दामदुपटीने परत विकत घ्यावी, तशातला हा प्रकार. मलबारचे लोक तर भोवतालच्या झाडपाल्यावरच आपले आजार बरे करत होते. मग तीच माहिती नीट गोळा का करू नये?

दुसरे कारण कंपनीतल्या भांडणाचे. कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी म्हणे, आपले मुख्य ठाणे सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला असावे, खरी दालचिनी तिथलीच. व्हॅन ऱ्हीडला दाखवून द्यायचे होते की मलबार काही कमी नाही, इथले रान पाहा. म्हणजे या पुस्तकामागे व्यापाराचा हिशोब होता.

आणि तिसरे कारण, ते रान त्याला मनापासून आवडले. मलबारच्या दाट जंगलातून फिरताना एकेका झाडावर चढलेल्या वेली, त्यांवर उगवलेली बांडगुळे, एकाच झाडावर दहा झाडांचा संसार हे पाहून तो थक्क झाला. ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. हिशोब आणि आवड अशी दोन्ही एकाच माणसात असू शकतात. माणसे अशीच असतात.

पुस्तक कसे तयार झाले?

एकट्या माणसाने करावे असे हे काम नव्हतेच. व्हॅन ऱ्हीडला लॅटिन नीट येत नव्हते आणि वनस्पतींचे शास्त्रही तो शिकलेला नव्हता. पण माणसे जमवणे आणि काम पुढे रेटणे हे त्याला उत्तम जमत होते. गटाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे की हीसुद्धा एक विद्याच आहे.

सुरुवातीला मॅथ्यू नावाच्या एका इटालियन पाद्रीने काही झाडांची चित्रे आणि टिपणे दिली. पण ती फार थोडक्यात होती, म्हणून काम नव्याने आखले गेले. झाडे आणायला रानात माणसे धाडली जात, कधी कधी शंभर-दोनशे एका वेळी. एकाच झाडाचे पान एका ऋतूत, फूल दुसऱ्या ऋतूत आणि फळ तिसऱ्या ऋतूत मिळते. त्यामुळे पुन्हा पुन्हा तिथेच जावे लागे. उंच झाडांवर चढून फांद्या उतरवायच्या आणि सुकण्याच्या आत कोचीला पोचवायच्या. तिथे चित्रकार बसलेले असत. ते ताज्या फांदीवरून पान, फूल, फळ, बी असे सगळे हुबेहूब काढून घेत. कोचीच्या राजानेही या कामाला मदत केली.

मग यायचा खरा प्रश्न. हे झाड कोणते? याला काय म्हणतात? याचा उपयोग काय? हे सांगायला व्हॅन ऱ्हीडने पंधरा-सोळा जाणकारांचे मंडळ जमवले होते. त्यांच्यासमोर फांदी ठेवली जाई आणि चर्चा होई. त्यांच्यात मतभेद झाले तरी ते एकमेकांचा मान राखून बोलत, याचे त्याला फार कौतुक वाटले. त्यांतल्या पंडितांना वनस्पतींचे श्लोक तोंडपाठ होते. आधी झाडाचे नाव, मग जात, मग गुण, असे त्या श्लोकांतून ते घडाघडा सांगत.

माहितीचा पुढचा प्रवासही मोठा होता. वैद्य मल्याळम भाषेत सांगणार. कोचीचा इमानुएल कार्नेरो नावाचा दुभाषा ते पोर्तुगीज भाषेत उतरवणार, कारण त्या किनाऱ्यावर पोर्तुगीज बऱ्याच जणांना समजे. मग कंपनीच्या कचेरीत त्याचे भाषांतर होणार आणि योहानेस कासेरियस नावाचा डच पाद्री चित्राशी ताडून लॅटिन मजकूर लिहिणार. कासेरियस तरुण होता, पण तब्येत साथ देईना. 1677 साली तो वारला. त्याने लिहिलेले पहिले पान त्याला छापलेले बघायला मिळाले नाही.

पहिला खंड 1678 साली निघाला आणि शेवटचा, बारावा, 1693 साली. बारा खंडांत मिळून सुमारे 740 वनस्पती आणि जवळजवळ 800 मोठी चित्रे. पहिल्या खंडात पहिला मान नारळाला. मल्याळममध्ये नारळाला ‘तेंगा’ म्हणतात आणि पुस्तकातही ‘तेंगा’ असेच लिहिले आहे.

साक्षीपत्रे

या पुस्तकातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्याची सुरुवातीची काही पाने. तिथे साक्षीपत्रे छापली आहेत. ज्यांनी माहिती दिली त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या लिपीत, सहीनिशी लिहून दिले आहे की ही माहिती आम्ही दिली.

एक साक्षीपत्र आहे इट्टी अच्युतन या वैद्याचे. तारीख 20 एप्रिल 1675. हा वैद्य आजच्या आलप्पुळा जिल्ह्यातल्या चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळी गावचा, कोल्लाट घराण्यातला. पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकी करणारे घर. आपल्या साक्षीपत्रात त्याने आपले घर आणि गाव सांगितले आहे. घरातल्या वैद्यकीच्या ग्रंथातली आणि स्वतःच्या अनुभवातली माहिती आपण दुभाष्याला सांगितली, असे त्यात आहे. लिपी आहे त्या काळची जुनी मल्याळी लिपी, कोलेळुत्तु.

इट्टी अच्युतन हा एळवा समाजातला होता. या समाजाला तिथे खालचा मानत. काही रस्त्यांवरून त्यांना चालायचीही बंदी होती. चेर्तलापासून थोड्याच अंतरावर वैकोम आहे. तिथल्या देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून 1924-25 मध्ये एळवा आणि इतर समाजांच्या लोकांना मोठा सत्याग्रह करावा लागला. म्हणजे इट्टी अच्युतनच्या सहीनंतर अडीचशे वर्षांनी! आता विचार करा, ज्याला गावचा रस्ता खुला नव्हता, त्याचे नाव 1678 साली अ‍ॅमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या पुस्तकात मानाने आले.

दुसरे साक्षीपत्र तीन जणांचे आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. तारीख तीच, 20 एप्रिल 1675. भाषा कोकणी आणि लिपी नागरी, म्हणजे आपण मराठी लिहितो तीच. कोचीत कोकणी कुठून आली, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. गोव्यात पोर्तुगीजांनी देवळे पाडली आणि धर्मावर टाच आणली. तेव्हा सोळाव्या शतकापासून कितीतरी कोकणी कुटुंबे घरदार सोडून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला गेली आणि कोचीला जाऊन वसली. त्यांनी आपली भाषा सोडली नाही, लिपी सोडली नाही आणि झाडापानांची नावेही सोडली नाहीत. त्यामुळे मलबारच्या या पुस्तकात मल्याळी नावाशेजारी झाडाचे कोकणी नावही दिलेले आढळते. चित्रांवर झाडाचे नाव रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा वेगवेगळ्या लिप्यांत कोरलेले आहे. मल्याळी अक्षरे छापील पुस्तकात आली ती पहिल्यांदा इथेच.

तिसरी साक्ष इमानुएल कार्नेरो या दुभाष्याची. आपण भाषांतर कसे केले, हे त्याने लिहून दिले.

त्या काळी असे करायची पद्धत नव्हती. युरोपातून आलेले लोक इथली माहिती गोळा करत, पुस्तक लिहीत आणि मोकळे होत. व्हॅन ऱ्हीडने ही साक्षीपत्रे छापली, त्यातही त्याचा फायदा होताच. ही माहिती मनाने रचलेली नाही, हे युरोपातल्या विद्वानांना पटवायला पुरावा हवा होता. पण कारण काहीही असो, त्या सह्यांमुळे ही माणसे आज आपल्याला नावानिशी माहीत आहेत.

ज्यांची सही नाही

आता दुसरी बाजू. रानात गेलेल्या त्या शंभर-दोनशे माणसांची नावे साक्षीपत्रांत नाहीत. झाडावर चढून फांदी आणणारा, काटे टोचून घेणारा, कोणते फूल कधी उमलते हे ठाऊक असणारा माणूस त्या कागदावर आलाच नाही.

आणि बाया? साक्षीपत्रांवर सही केलेली सगळी माणसे पुरुष आहेत. बाळंतिणीला काय द्यावे, तान्ह्या बाळाचे पोट दुखले तर काय करावे, उपासमारीच्या दिवसांत रानातली कोणती पाने शिजवून खाता येतात, हे मलबारात पुरुषच सांभाळत होते, असे कोण म्हणेल? कोणत्याही गावातली ही विद्या बायांच्या हातूनच चालते. ती पुस्तकात आली असेल, तर कुणा वैद्याच्या किंवा पंडिताच्या नावाखाली आली.

याच्याही शंभर वर्षे आधीचे एक उदाहरण आहे, आपल्या शेजारच्या गोव्यातले. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य तिथे राहत होता. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने पुस्तक लिहिले आणि 1563 साली ते गोव्यातच छापले. सगळे पुस्तक दोन वैद्यांच्या संवादासारखे आहे. बोलता बोलता वैद्य हाक मारतो आणि अंतोनिया नावाची दासी अमुक पान, तमुक फळ घेऊन येते. नेमकी वस्तू तिला बरोबर सापडते. ती काय आणते ते पुस्तकात आहे, पण जाणकार म्हणून मान मिळतो तो त्या दोन वैद्यांना.

पुढे काय झाले?

व्हॅन ऱ्हीड 1678 साली हॉलंडला परतला आणि पुस्तकाचे खंड छापून घेऊ लागला. सहा वर्षांनी कंपनीने त्याला पुन्हा पूर्वेकडे धाडले. या वेळी काम वेगळे होते. कंपनीच्या ठाण्यांमध्ये अधिकारी चोरटा व्यापार करून स्वतःचे खिसे भरत होते, त्यांची तपासणी करायची होती. बंगाल, सिलोन, मलबार असा फिरत तो 1691 साली कोचीहून सुरतेला निघाला. वाटेत जहाजावरच, मुंबईजवळच्या समुद्रात, 15 डिसेंबर 1691 रोजी तो वारला. त्याला सुरतेला पुरले. तिथल्या डच दफनभूमीत त्याची मोठी घुमटी आजही उभी आहे. बारावा खंड त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघाला.

पुस्तकाचे आयुष्य मात्र पुढे वाढत गेले. स्वीडन देशात लिनियस नावाचा शास्त्रज्ञ होऊन गेला. जगभरच्या झाडांना दोन शब्दी शास्त्रीय नावे देण्याची पद्धत 1753 साली त्याने पक्की केली. तो भारतात कधी आला नाही. मलबारची कितीतरी झाडे त्याने ओळखली ती या पुस्तकातल्या चित्रांवरून. म्हणून काही शास्त्रीय नावांच्या पोटात आजही मल्याळी शब्द बसलेले आहेत. वेलदोड्याला शास्त्रज्ञ ‘एलेट्टारिया’ म्हणतात. तो मूळचा मल्याळी शब्द ‘एलेत्तरी’. करंजाचे ‘पोंगामिया’ हे नाव आले ते ‘पोंगम’ या शब्दावरून. शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुली ही नावे पाठ करतात, तेव्हा त्या नकळत त्या वैद्याच्या तोंडचा शब्द उच्चारत असतात.

झाडांच्या एका गटाला व्हॅन ऱ्हीडचे नाव मिळाले, ‘ऱ्हीडिया’. पुढे शास्त्रज्ञांनी तो गट आपल्या कोकमाच्या गटात मिसळला. इट्टी अच्युतनच्या नावावरूनही 1856 साली एका गटाला ‘अच्युडेमिया’ असे नाव दिले गेले. साक्षीपत्रावर सही होती, म्हणून सुमारे एकशे ऐंशी वर्षांनंतरच्या माणसाला ते नाव सापडले.

पण एक गोष्ट मनाला लागते. पुस्तक होते लॅटिन भाषेत. ज्या मलबारने माहिती दिली, त्या मलबारच्या माणसाला ते वाचता येणार नव्हते. केरळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आपल्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे या कामाला दिली. त्यांनी लॅटिनचा अभ्यास केला, पुस्तकातली जवळजवळ सगळी झाडे रानात फिरून पुन्हा शोधली आणि बाराही खंडांचे इंग्रजी भाषांतर केले. ते 2003 साली निघाले आणि मल्याळम भाषांतर 2008 साली. पहिला खंड छापला 1678 साली. म्हणजे मलबारने सांगितलेली माहिती मलबारच्या भाषेत घरी परत यायला 330 वर्षे लागली.

मणिलाल यांना 2020 साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना, गावरान बियाणे जपल्याबद्दल. एक विद्यापीठातले प्राध्यापक, एक शाळेत न गेलेली शेतकरी बाई. दोघांचाही मान एकाच गोष्टीसाठी झाला, असे आम्हाला वाटते. जे विसरले जात होते ते त्यांनी जपले.

लिहिलेले कामाला येते

आता हळदीचा किस्सा ऐका. जखमेवर हळद लावावी, हे आपल्याला कुणी शिकवले? आईने, आजीने. पण 1995 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला ‘जखम भरण्यासाठी हळद’ यावर पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे या शोधावर हक्क आमचा, इतरांनी तो आमच्या परवानगीशिवाय वापरायचा नाही. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने याला हरकत घेतली. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते आपले डॉ. रघुनाथ माशेलकर. 1997 साली ते पेटंट रद्द झाले.

ते रद्द कशाच्या बळावर झाले? ‘आमच्या घरोघरी लावतात’ एवढे सांगून भागले नाही. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतली जुनी लिखाणे पुढे ठेवावी लागली. हा शोध नवा नाही, हे आधीपासून लिहिलेले आहे, हे दाखवावे लागले. आपल्या आजीचे शहाणपण खरेच होते, पण तिथे कागद बोलला.

हे आपल्याला वेगळे सांगायला नको. गटाची बैठक झाली, सगळ्यांनी होकार दिला, पण ठराव वहीत लिहिला नाही, त्याखाली सह्या झाल्या नाहीत, तर उद्या बँकेत त्या होकाराला कोण विचारतो?

यासाठी आपल्या देशात 2002 सालचा जैवविविधता कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. गावातली झाडेझुडपे, पिके, बियाणे, जनावरे आणि त्यांच्याबद्दलची लोकांची माहिती यांची एक नोंदवही तिने गावकऱ्यांशी बोलून तयार करायची असते. तिला लोकजैवविविधता नोंदवही म्हणतात. 2004 च्या नियमांत या समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असे सांगितले होते. बऱ्याच गावांत ही वही ग्रामपंचायतीच्या कपाटात असते आणि आपण ती कधी उघडून पाहिलेली नसते.

म्हणून आमचे सांगणे असे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ग्रामसभेत ती वही बघायला मागा. आपल्या गावातल्या रानभाज्या, कंद, बियाणे, औषधी पाला तिच्यात आले आहेत का ते पाहा. आले असतील, तर माहिती कुणी दिली ते नाव आहे का ते पाहा. नसेल, तर भर घालायची मागणी करा.

नोंद कशी करावी, याचा नमुना 1675 सालचा इट्टी अच्युतन आपल्याला देऊन गेला आहे. सांगणाऱ्याचे नाव, घर, गाव. ही माहिती तिला कुठून मिळाली, आईकडून, सासूकडून की स्वतःच्या अनुभवातून. झाडाचे आपल्या बोलीतले नाव. आणि शेवटी तारीख आणि सही. सही येत नसेल तर अंगठा. आपण त्यात आणखी एक ओळ घालू या. सांगणारी बाई राजी होती का? कारण नोंद करायची म्हणजे सगळेच उघड करायचे असे नाही. एखाद्या घरातले औषध त्या घराला सांगायचे नसेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. झाडाचे नाव लिहावे आणि औषध घरात राहू द्यावे. वहीत लिहिलेला पाला कुणी आपल्या मनाने औषध म्हणून घेऊ नये, हेही सगळ्यांना बजावून सांगावे. दुखण्याला डॉक्टर आणि दवाखाना आहेच.

व्हॅन ऱ्हीडचे पुस्तक त्याच्या कंपनीपेक्षा जास्त टिकले. ती कंपनी 1799 साली बुडाली. मिरीचे ते सक्तीचे करार गेले, कोचीतली डच सत्ता गेली. राहिली ती झाडांची चित्रे, झाडांची नावे, आणि ज्यांनी सही केली त्या मोजक्या माणसांची नावे. ज्यांची सही नव्हती त्यांची विद्या पुस्तकात राहिली, पण ती माणसे हरवली.

आपल्या गावातल्या पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आलेल्या म्हाताऱ्या बाया आज आहेत, त्या बोलतात, त्यांना आठवते. त्यांच्यापाशी बसायला वही आणि पेन घेऊन जा, आणि पहिल्या ओळीत त्यांचे नाव लिहा.